केटी एम-थ्रीची, शंका ब्रँचवर

जूनचा शेवटचा आठवडा होता. पावसाने गाड्या पंचवीस मिनिटं उशिरा, त्यामुळे बदलापूरहून निघालेले बापलेक दादरला माझ्याकडे पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. मुलाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. आत चार सेमिस्टरच्या मार्कशीट आणि कॉलेजचा एक फॉर्म. इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षासाठी इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, निवडायचे, आणि ऑनर्स, म्हणजे पदवीवर जादाचा अभ्यासक्रम, करायचं असेल तर त्याचा विषय लिहायचा. मुदत दोन दिवसांची.

"मॅडम, याला एकदा सांगून टाका काय घ्यायचं ते," वडील खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. "इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं."

इंजिनीअरिंगच्या मुलांच्या घरून जून-जुलैत मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. विषय कुठले निवडायचे, आणि निवड चुकली तर? मी चौदा वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं, मग समुपदेशनाकडे वळले, म्हणून ब्रँचची मुलं शोधत येतात. त्यातल्या एकाची ही गोष्ट, त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने सांगतेय. त्याला आपण ओंकार म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

फॉर्म कोराच होता. पण त्याच्या मागच्या बाजूला ओंकारने पेन्सिलने यादी केली होती. एआय-एमएलमध्ये (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) ऑनर्स. शनिवार-रविवार गेटचा, म्हणजे एम.टेकच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास. पायथॉनचा ऑनलाइन कोर्स. आयओटीचं (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचं) सर्टिफिकेट. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'एम३ केटी'. म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताचा, एम-थ्रीचा, राहिलेला पेपर.

ती ओळ मी त्याच वेळी नीट वाचायला हवी होती. वाचली नाही. पहिली चाळीस मिनिटं मी भलत्याच वाटेने गेले, कारण ओंकारने सुरुवातच केली, "मॅडम, मला ही ब्रँचच जमत नाही. सर्किट्स डोक्यावरून जातात. सीईटीला पर्सेंटाइल थोडे वर असते तर कॉम्प्युटर मिळालं असतं." मी ते जसंच्या तसं धरलं. आवडनिवड, लहानपणी काय उघडून बघायचास, कोडिंग किती केलंस, असं विचारत बसले. तो शहाण्या मुलासारखी उत्तरं देत होता. हाती काही लागत नव्हतं.

मग सवयीने एक जुना प्रश्न विचारला. "गेल्या दोन वर्षांतलं असं एखादं प्रॅक्टिकल सांग, जे घरी गेल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

तो जरा थांबला. "डीसी शंट मोटर," म्हणाला. "सुरू करताना फील्डचा रिओस्टॅट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स, मिनिममला ठेवायचा असतो आणि आर्मेचरचा मॅक्सिममला. आमच्या ग्रुपमधल्या एकाने बरोबर उलटं ठेवलं होतं. मी स्विचवरचा त्याचा हात धरला."

"का धरलास?"

"सुरुवातीला मोटर थांबलेली असते, बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटरमध्येच तयार होणारं उलटं व्होल्टेज, नसतं. करंट अडवायला काहीच नाही. त्यात फील्ड कमी ठेवलं तर नंतर स्पीड भलताच चढतो."

हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. वडीलही त्याच्याकडे बघायला लागले. ते लायसन्सवाले वायरमन, पंचवीस वर्षं वायरिंगच्या कामात आहेत. मुलाला त्याच्या विषयावर इतकं सलग बोलताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. ब्रँच न जमणारा मुलगा दुसऱ्याचा हात स्विचवर असा धरत नाही. मी त्याच्यापुढे कागद ठेवला.

"बारा व्होल्टची बॅटरी, एक स्विच, दहा ओहमचा रेझिस्टन्स आणि दोन हेन्रीची कॉइल, सगळं सिरीजमध्ये. स्विच लावला. करंटचं काय होईल? गणित करू नकोस, नुसतं चित्र काढ."

त्याने क्षणात काढलं. शून्यातून वर चढत जाणारी आणि हळूहळू आडवी होत जाणारी रेघ. "कॉइल करंटला एकदम चढू देत नाही. शेवटी कॉइल नसल्यासारखीच होते, मग नुसता रेझिस्टन्स उरतो. बारा भागिले दहा, एक पॉइंट दोन अँपिअर."

मी त्या रेघेशेजारी त्याच सर्किटचं डिफरन्शियल इक्वेशन लिहिलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"हे लाप्लासने करायचं ना? ते मला येत नाही."

तेव्हा कुठे मी फाइल उघडून तिसऱ्या सेमिस्टरची मार्कशीट बघितली. एम-थ्री नापास. ज्या विषयांत एम-थ्रीची गरज पडते ते जेमतेम काठावर. ज्यांत नाही, ते चांगले. मेजरमेंट्सला तर वर्गात वरच्या पाचांत. "तिसऱ्या सेमला काय झालं होतं?" मी विचारलं. उत्तर वडिलांनी दिलं. गणपतीच्या आधी डेंग्यू झाला, आठ दिवस अ‍ॅडमिट, नंतर अशक्तपणा, सगळे मिळून तीन आठवडे कॉलेज बुडालं. परत गेला तेव्हा वर्गात लाप्लास शिकवून संपलं होतं आणि फूरिए सुरू होतं.

तीन आठवडे बुडाले होते, आणि त्यावरून वर्षभराच्या आतच त्याने निष्कर्ष काढला होता की आपण चुकीच्या ब्रँचला आलो.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण असं घडताना मी फार वेळा पाहिलंय. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचं तर हमखास होतं. त्यांचे हात तयार असतात, मशीन त्यांना कळतं, पण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित न शिकताच ती एम-थ्रीपुढे उभी राहतात. तिथे अडली की 'आपल्याला इलेक्ट्रिकल येत नाही' म्हणायला लागतात. एम-थ्री हा या ब्रँचमधला सगळ्यात जास्त वापरला जाणारा विषय आहे. लाप्लास ट्रान्सफॉर्ममुळे डिफरन्शियल इक्वेशनचं रूपांतर साध्या बीजगणितात होतं. सर्किटमधले ट्रान्झियंट, म्हणजे स्विच लावल्यावरचे क्षणिक बदल, त्यानेच सोडवतात, आणि कंट्रोल सिस्टीमचं ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे इनपुट आणि आउटपुटचं नातं, तर लाप्लासशिवाय लिहिताच येत नाही. इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या वेड्यावाकड्या व्होल्टेजमध्ये कुठकुठले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी, आहेत, ते फूरिएने कळतं. ही केटी 'कधीतरी सोडवू' म्हणून बाजूला ठेवली तर ती दर सेमिस्टरला वेगळ्या नावाने पुन्हा समोर येते.

ओंकारच्या कागदावर मी त्याच्या रेघेचंच समीकरण लिहिलं आणि एल भागिले आर काढायला लावलं. दोन भागिले दहा, शून्य पॉइंट दोन सेकंद, म्हणजे टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात करंट शेवटच्या किमतीच्या ६३ टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे साधारण ०.७६ अँपिअर. पाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे एक सेकंद झाला की ९९ टक्क्यांच्या पुढे. त्याने तेच आकडे स्वतःच्या रेघेवर टिंबांनी मांडले. टिंबं रेघेवर बसली. तो काही बोलला नाही, पण कागद त्याने स्वतःकडे ओढून घेतला.

त्यानंतर दुसरा कागद. त्यावर मी विद्यार्थ्यांकडून विषयांची वंशावळ काढून घेते. इलेक्टिव्हच्या यादीतल्या नावाला भुलायचं नाही, त्याच्या डोक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कोणाच्या खांद्यावर उभा आहे? ओंकारला इलेक्ट्रिक व्हेइकलचा इलेक्टिव्ह खुणावत होता. त्याच्या खाली काय? ड्राइव्ह्ज, म्हणजे मोटरचा वेग ताब्यात ठेवणं. ड्राइव्ह्जच्या खाली तीन पाय: मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल. मशीन्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स दोन्हींच्या खाली सर्किट्स, आणि सर्किट्स व कंट्रोल दोन्हींच्या खाली एम-थ्री. पॉवर सिस्टीम आणि प्रोटेक्शनच्या खालीही सर्किट्स आणि मशीन्स. मायक्रोकंट्रोलरच्या खाली डिजिटल आणि सी. बाण काढता काढता कागद भरला, आणि निम्मे बाण फिरून एम-थ्रीच्याच चौकोनाकडे येत होते.

"आता एआय-एमएल लिही," मी म्हणाले. "त्याच्या खाली काय?"

त्याने मोबाइलवर ऑनर्सचा सिलॅबस उघडला. मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, प्रॉबॅबिलिटी. तो माझ्याकडे बघून खजील हसला. "म्हणजे तिकडेही मॅथ्सच."

एआय-एमएल हा वाईट पर्याय आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आवडीने घेतलेला असेल तर उत्तम आहे; वीजमागणीचा अंदाज बांधण्यापासून मशीनमधला बिघाड आधी ओळखण्यापर्यंत आमच्या क्षेत्रातही त्याला पुष्कळ काम आहे. पण ओंकार गणिताला घाबरून तिकडे पळत होता, आणि तिकडच्या दारात गणितच बसलेलं होतं. कुठल्याही मुलाला मी हे आधी विचारते: हा विषय तुला हवाय, की दुसरा नकोय म्हणून हा? 'नकोय म्हणून' असं उत्तर आलं तर फॉर्मवर खूण करायची घाई करू नये.

वडिलांची शंका वेगळी होती. "पण मॅडम, इलेक्ट्रिकलला आता आहे काय? सगळे आयटीतच जातात."

मी ओंकारलाच विचारलं, "आज कशाने आलास?"

"लोकलने."

"तिच्यात तुझे किती विषय आहेत?"

मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. तो डीसी टप्प्याटप्प्याने बदलत २०१६ पर्यंत सगळ्या उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्ट एसी आला. आजच्या गाडीत वरच्या तारेतून सिंगल फेज एसी येतो. ट्रान्सफॉर्मर तो खाली उतरवतो, कन्व्हर्टर त्याचा डीसी करतो, इन्व्हर्टर त्यातून हवी ती फ्रीक्वेन्सी देणारा थ्री-फेज एसी बनवतो आणि चाकांना इंडक्शन मोटर फिरवतात. ब्रेक लावला की तीच मोटर जनरेटर होऊन वीज तारेत परत पाठवते. ओंकार बोटं मोजत गेला. मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, ड्राइव्ह्ज, कंट्रोल. सबस्टेशन धरलं तर प्रोटेक्शनही. मी वडिलांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून दिली, ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली होती आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. ते लगेच म्हणाले, "आठवतं ना. मी तेव्हा परळला साइटवर होतो." असं होऊ नये म्हणून जो अभ्यास लागतो तो मुलगा करतोय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आयटीच्या नोकऱ्यांबद्दलही सरळच बोलले. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या सगळ्या ब्रँचच्या मुलांना बसू देतात. तिथे अ‍ॅप्टिट्यूड आणि प्रोग्रॅमिंगचा पाया बघतात. एक भाषा नीट आली, शंभरेक गणितं स्वतःच्या हाताने सोडवली, तर तो दरवाजा उघडा राहतो. त्यासाठी चार सेमिस्टरचं ऑनर्स अंगावर घ्यायची सक्ती नाही.

एवढं होऊनही यादी तशीच होती. ती खोडायला मी सांगितलं असतं तर घरी जाऊन त्याने पुन्हा लिहिली असती. म्हणून चौकटींचा कागद काढला. आठवड्याचे १६८ तास, १६८ चौकटी. रंगवायचं काम त्याचं.

झोप रोज सात तास, ४९. कॉलेज ३२. प्रवास: बदलापूर ते अंधेरी, दादरला गाडी बदलून, घरापासून वर्गापर्यंत जाऊन-येऊन चार तास, पाच दिवसांचे २०. अंघोळ, जेवण, घरातली कामं रोज तीन तास धरून २१. उरले ४६. "बघा मॅडम, पुष्कळ आहेत," तो म्हणाला. मग वडिलांनी आठवण करून दिली की शेजारच्या दोन मुलांची शिकवणी तो घेतो. पाच दिवस, रोज दोन तास. उरले ३६. जर्नल, असाइनमेंट, सबमिशनची धावपळ, १०. उरले २६. रविवारी क्रिकेट, नातेवाईक, आईला बाजारात नेणं, ८. उरले १८. मी विचारलं, गाडीतून उतरून घरी आलास की लगेच पुस्तक उघडतोस? तो खरं बोलला. रोज एक तास नुसता पडून असतो. ७ गेले.

अकरा चौकटी पांढऱ्या राहिल्या.

आता त्यात यादी बसवायची होती. गेटचा क्लास एकटाच आठ तासांचा. ऑनर्सची लेक्चर्स चार तास, त्याचा अभ्यास वेगळा. पायथॉन, आयओटी, केटी. ओंकार रंगवता रंगवता थांबला, चौकटी संपल्या होत्या आणि केटीची पाळी अजून आलीच नव्हती. वडील इतका वेळ कागदाकडे बघत होते. ते मुलाला म्हणाले, "अरे, सोळा अँपिअरच्या सर्किटवर पंचवीसचा लोड टाकलायस तू. एमसीबी पडणारच. आणि ती पडते म्हणून वायर वाचते." मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, "यातला क्लास मीच सांगितला होता, मॅडम."

मी त्यांना म्हणाले, तुम्ही काळजीपोटी सांगितलंत. गेट नको असंही नाही. पण गेटचा इलेक्ट्रिकलचा पेपर शंभर मार्कांचा असतो, त्यात १५ जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, १३ इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सचे आणि ७२ विषयाचे. विषय कुठले? सर्किट्स, फील्ड्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, मशीन्स, पॉवर सिस्टीम, कंट्रोल, मेजरमेंट्स, अ‍ॅनालॉग-डिजिटल आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. सगळे कोअर, कॉलेजात या दोन वर्षांत शिकवले जाणारे. तेच आता पहिल्यांदा नीट शिकला तर गेटची निम्मी तयारी फुकट होते. स्कोअर तीन वर्षं चालतो, घाई कशाची? आणि इलेक्टिव्ह चुकण्याची जी भीती घेऊन ते दोघं बदलापूरहून आले होते, तिचाही हिशोब मांडला. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात पदवीचे क्रेडिट १६०. आठवड्याला तीन लेक्चरचा एक इलेक्टिव्ह म्हणजे ३ क्रेडिट. १६० मधले ३, दोन टक्केसुद्धा नाहीत. ऑनर्सचे १८ ते २० क्रेडिट त्या १६० च्या वर येतात, ते न घेतल्याने पदवी उणी होत नाही. उलट ते घेऊन कोअरमध्ये अजून दोन केट्या लागल्या, तर नोकरीच्या फॉर्मवरच्या 'लाइव्ह बॅकलॉग' या रकान्यात त्या लिहाव्या लागतात.

नऊ वाजता आम्ही फॉर्म भरायला घेतला. ऑनर्सचा रकाना रिकामा सोडला. पाचव्या सेमिस्टरच्या इलेक्टिव्हसाठी मी त्याला तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं: खालचे विषय तुझे झालेत का, शिकवणार कोण आहे, आणि त्याला लॅब आहे का. मधला प्रश्न मुलं विचारायला लाजतात. लाजू नये. विषयात जीव ओतणाऱ्या शिक्षकाकडे साध्या नावाचा इलेक्टिव्ह घ्यावा, असं मी माझ्या भाच्यालाही सांगितलंय. दुसऱ्या दिवशी ओंकारने सीनियर मुलांना विचारून मेसेज केला. इलेक्ट्रिक व्हेइकलचा विषय सातव्या सेमिस्टरलाही होता, तोवर ड्राइव्ह्ज झालेलं असणार होतं. पाचव्याला त्याने सेन्सर्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं. मेजरमेंट्स त्याचा चांगला होताच, आणि लॅब होती.

अकरा चौकटींची वाटणी अशी झाली. चार एम-थ्रीला, डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत हलवायच्या नाहीत. तीन सर्किट्स आणि मशीन्सच्या मागच्या कच्च्या जागांना. दोन पायथॉनला. दोन पांढऱ्याच ठेवायच्या. तो म्हणाला, "या दोन कशाला?" मी म्हणाले, ज्या आठवड्यात गाड्या बंद पडतील त्या आठवड्यासाठी. प्रवासात अभ्यास धरायचा नाही, हेही सांगितलं. बदलापूरच्या गर्दीत उभं राहून लाप्लास होत नाही, आणि झाला नाही की मुलं स्वतःला दोष देत बसतात. जाताना बसायला मिळालं तर फॉर्म्युल्यांची एक चिठ्ठी बघायची, तीही वाटलं तर.

पुढे सगळं सरळ झालं नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या फेस्टसाठी त्याने दोन आठवडे सगळ्या चौकटी उधळल्या आणि मला फोन करायचं टाळलं. सप्टेंबरमध्ये आईचा फोन आला, "मॅडम, तो रात्री एक वाजेपर्यंत बसतो." कंट्रोल सिस्टीम सुरू झालं होतं आणि पहिल्याच युनिटला ट्रान्सफर फंक्शन आलं होतं. मी ओंकारशी बोलले. तो घाबरलेला नव्हता. केटीसाठी सोडवलेली लाप्लासची गणितं आणि वर्गात चाललेला विषय एकच निघाला होता, त्यामुळे त्याला थांबवत नव्हतं. झोपेच्या सात चौकटी मात्र मी त्याला परत रंगवायला लावल्या.

एम-थ्री सुटला, बावन्न मार्कांनी. कंट्रोलला त्याहून बरे पडले.

फेब्रुवारीत तो एकटाच आला, शनिवारी, जाता जाता. सहाव्या सेमिस्टरला पॉवर सिस्टीम प्रोटेक्शन सुरू झालं होतं, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्या सरांनी इंडक्शन मोटरच्या बेअरिंगमधला बिघाड करंटच्या लहरींवरून ओळखायचा विषय सुचवला होता. त्यात मोटर होती, सेन्सर होते, फूरिए होता, पायथॉन होतं. "मॅडम, यात थोडं मशीन लर्निंगही लागेल," म्हणाला. "एकच विषय ऑनलाइन करू का, क्रेडिटशिवाय?"

"तास आहेत का?"

त्याने खिशातून चौकटींचा नवा कागद काढला. शिकवणीच्या दोन मुलांपैकी एकाची दहावी होती, तिथले तास वाढले होते. पांढऱ्या चौकटी नऊच होत्या. त्यातल्या तीनवर त्याने पेन्सिलने हलकी खूण केली होती, रंग अजून भरला नव्हता.